संधी सोडून संधी देणारे प्रा. वि. वा. नारळीकर

बारामती, इंदापूर परिसरातील महाविद्यालयांतून गणित किंवा भौतिकशास्त्र घेऊन जे मोजके विद्यार्थी पीएच.डी.पर्यंत पोहोचतात, त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पुढील संशोधनासाठी परदेशची वाट धरावी, की इथली प्राध्यापकाची नोकरी पत्करावी? १९३२ मध्ये हाच पेच केंब्रिजमधील एका चोवीस वर्षांच्या मराठी तरुणापुढे पडला होता. त्याचे नाव विष्णू वासुदेव नारळीकर.

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ मध्ये बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले. तेथे १९३० मध्ये ते गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रँग्लर झाले. पुढे रॅले पारितोषिक व खगोलशास्त्रातील संशोधनासाठीची आयझॅक न्यूटन शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली.

आता अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जाण्याचा त्यांचा मानस होता. जवळच माउंट विल्सन वेधशाळेत जगातील तेव्हाची सर्वांत मोठी दुर्बीण होती. विश्व प्रसरण पावत असल्याचा हबल यांचा पुरावा तेथूनच आला होता. त्या काळात आइन्स्टाइनही हिवाळ्यात तेथे येत. सापेक्षतावादाच्या अभ्यासकाला याहून मोठी संधी नव्हती. मात्र पंडित मदन मोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलाविले आणि नारळीकर गणित विभागाचे प्रमुख म्हणून मायदेशी परतले.

या निर्णयाची किंमत होती. बनारसला ना तशी दुर्बीण होती, ना सहकाऱ्यांचा तसा मेळावा. तरीही त्यांनी तेथे सापेक्षतावादाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. के. आर. करमरकर यांच्यासह त्यांनी या विषयातील महत्त्वाचे निबंध लिहिले.

१९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण त्यांच्याकडे आला. पगार नाही, शिष्यवृत्ती नाही. साठविलेल्या पैशांवर पत्नी व तान्ह्या मुलीसह तो सुमारे दहा महिने बनारसला राहिला. किरणोत्सर्जन करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित नारळीकरांनी त्याला सुचविले. त्यातून १९४३ मध्ये जे उत्तर निघाले, ते आज जगभर 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखले जाते.

१९६० मध्ये नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. पुढे पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक या पदावरून ते १९७३ मध्ये निवृत्त झाले. सापेक्षतावादाच्या भारतीय संशोधकांची संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र डॉ. जयंत नारळीकर यांनी केंब्रिजमध्ये दीर्घकाळ संशोधन केले आणि १९७२ मध्ये ते भारतात परतले. त्यांनी १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभारली. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी तेथे शिष्यवृत्त्या मिळतात. महाविद्यालयीन अध्यापकांनाही तेथे येऊन काम करता येते.

परदेशी जाणे चूक नाही, परतणे हा पराभवही नाही. वैद्यांना साठविलेल्या पैशांवर जे करावे लागले, त्यासाठी आज बारामतीच्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो. तो मात्र त्याने वेळेवर करायला हवा.