फास्टर फेणेचे जनक : भा. रा. भागवत

पुण्याजवळील फुरसुंगी गांवचा एक लुकडा मुलगा विद्याभवन शाळेंत शिकावयास येतो, सायकलीवर वाऱ्यासारखा धांवतो, आणि कांहीं विलक्षण दिसलें कीं तोंडानें ‘टॉक्’ असा आवाज काढतो. त्याचें नांव बनेश. पण सारा महाराष्ट्र त्यास फास्टर फेणे म्हणून ओळखतो.

ह्या चमत्कारिक पोराचे जनक भास्कर रामचंद्र भागवत ह्यांचा जन्म ३१ मे १९१० रोजीं इंदूर येथें झाला. रेडिओवरील नोकरी सोडून ते १९४२ च्या चळवळींत शिरले व भूमिगत कार्य करूं लागले. ज्या चळवळींतून आपल्या सातारा-सांगली भागांत नाना पाटलांचें प्रतिसरकार उभें राहिलें, तीच ही चळवळ. हातची नोकरी सोडणें किती कठीण, हें विद्यार्थ्यांनीं घरीं वडिलांस विचारावें.

पुढें १९५१ सालीं भागवतांनीं ‘बालमित्र’ हें मासिक काढलें. ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत कथाहि त्यांनीं मराठींत आणल्या. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई ह्याहि मुलांसाठीं लिहीत. परंतु मुलांच्या मनांत घर केलें तें फेणेनेंच.

असा मुलगा शिक्षकांस आवडेल काय? खरें सांगावयाचें तर, आमच्या वर्गांत तो असता तर बहुतेक दिवस बाकावरच उभा राहिला असता. नसत्या चौकशा, क्षणाचीहि उसंत नाहीं, आणि वर तें ‘टॉक्’! भागवतांनीं मात्र ह्या खोडी मोडून काढल्या नाहींत. त्यांनाच कामाला लावलें. फेणेच्या अंगीं जादू नाहीं, पैलवानाचें बळ नाहीं; चोराचा माग लागतो तो ह्या चौकसपणामुळेंच.

एकदां गणिताच्या तासाला बाकाखालीं चाललेलें फेणेचें पुस्तक आम्हीं जप्त केलें. रात्रीं सहज चाळावयास घेतलें, तों मध्यरात्र उलटली. दुसऱ्या दिवशीं पुस्तक परत देतांना शिक्षा करावयाची राहून गेली, आणि त्या मुलानेंहि आठवण करून दिली नाहीं.

फेणेचीं पुस्तकें वीस. त्यांपैकीं एकांत तो आपल्या जिल्ह्यांतील प्रतापगडावरहि येऊन गेला आहे. भागवत २७ ऑक्टोबर २००१ रोजीं वारले. २०१७ सालीं फेणेवर चित्रपट निघाला, तेव्हां मुलांइतकेच पालकहि उत्सुकतेनें गेले. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ ह्या पुस्तकाची आमच्या ग्रंथालयांतील प्रत यंदा दुसऱ्यांदा बांधावयास दिली आहे.