धुराचा हिशोब

लोअर परळच्या काचेच्या इमारतींमधून अजूनही एखादी जुनी गिरणीची चिमणी डोकावते. गिरण्या चालू होत्या तेव्हा अनेक ठिकाणी बॉयलर आणि चिमणी यांच्यामध्ये नळ्यांची एक जुळणी असे. तिला इकॉनॉमायझर म्हणत. बॉयलरमधून निघालेला गरम धूर सरळ आकाशात न सोडता आधी या नळ्यांवरून नेला जाई. नळ्यांतले पाणी त्याने तापे आणि तेच पाणी पुढे बॉयलरमध्ये जाई. तेवढा कोळसा वाचे. एडवर्ड ग्रीन या इंग्रजाने १८४५ मध्ये याचे पेटंट घेतले आणि कापडगिरण्यांच्या मालकांना ते लगेच पटले, कारण धूर फुकटचा होता आणि कोळसा विकतचा.

आज याच भागातला एखादा गाडीवेडा तरुण आपल्या जुन्या गाडीला टर्बो बसवायचे मनात घेतो, तेव्हा तोही नकळत हाच हिशोब मांडत असतो. सायलेन्सरमधून ताकद वाया जाते आहे, ती परत मिळवायची, आणि तीही नव्या मोठ्या इंजिनाच्या खर्चाशिवाय. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुना टर्बो मिळेल, पाइप वेल्डिंग करून घेता येतील, असा त्याचा बेत असतो. बेत चुकीचा नाही. मात्र ज्या माणसाने हा हिशोब पहिल्यांदा मांडला, त्याला तो जुळवायला वीस वर्षे लागली. त्याचे नाव आल्फ्रेड ब्यूखी.

ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. हे गाव म्हणजे तिथले एक गिरणगावच. सूतकताईची यंत्रे बनवणारी रीटर कंपनी याच गावची आणि वाफेची व डिझेलची इंजिने बनवणारी सुल्झरही इथलीच. गिरणीच्या विणाई खात्यात काम केलेल्या जुन्या माणसांना सुल्झर हे नाव मागामुळे ठाऊक असेल, पण ते माग बरेच नंतरचे. ब्यूखी यांचे वडील सुल्झरमध्ये वरच्या हुद्द्यावर होते. यंत्रे घडवणाऱ्या घरात आणि गावात हा मुलगा वाढला. १८९९ ते १९०३ या काळात त्यांनी झुरिचच्या तंत्रविद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि नंतर बेल्जियम व इंग्लंडमध्ये नोकरी केली.

त्या काळी पेट्रोल आणि डिझेलची इंजिने अजून नवीच होती. त्यांची एक उणीव ब्यूखी यांना खटकत होती. इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा कामी येतो, एक इंजिन थंड ठेवण्यात जातो आणि एक गरम धुराबरोबर बाहेर पडतो. या तिसऱ्या वाट्यातून काही परत मिळवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

इथे इंजिनाची एक साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इंजिनाची ताकद अडते ती मुख्यतः हवेवर. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंधन जास्त सोडणे सोपे, पण सिलिंडरमध्ये हवा मावेल तेवढीच मावते. म्हणून जास्त ताकद हवी तर सिलिंडर मोठा करा किंवा इंजिन जास्त वेगाने फिरवा, हे दोनच रस्ते होते. ब्यूखी यांनी तिसरा रस्ता सुचवला. धुराच्या झोताने एक पंख्यासारखे चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवायचे. त्या टर्बाइनने हवा दाबणारा कॉम्प्रेसर चालवायचा आणि दाबलेली हवा सिलिंडरमध्ये भरायची. त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. १६ नोव्हेंबर १९०५ ही त्यांच्या जर्मन पेटंटची तारीख. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते.

कागदावर सगळे बरोबर होते. मात्र त्या पहिल्या आराखड्यात कॉम्प्रेसर, इंजिन आणि टर्बाइन हे तिन्ही एकाच दांड्यावर बसवलेले होते. टर्बाइनला भन्नाट वेग लागतो, तर पिस्टनचे इंजिन त्या मानाने संथ चालते. या दोघांना एका दाव्याला बांधणे म्हणजे घोडा आणि बैल एका गाडीला जुंपणे होते.

पुढे ब्यूखी विंटरथूरला परतले आणि सुल्झरमध्ये डिझेल इंजिनांच्या संशोधनाचे काम पाहू लागले. १९११ मध्ये तिथे प्रयोगासाठी यंत्रसंच उभा राहिला. १९१५ पर्यंत टर्बो लावलेले डिझेल इंजिन तयारही झाले, पण हवेचा हवा तेवढा दाब टिकेना. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांची त्या काळची घडण ओबडधोबड होती. धुरातून मिळालेली ताकद हवा दाबण्यातच खर्ची पडे आणि हाती फारसे काही उरत नसे. दहा वर्षांच्या कामानंतर ही अवस्था होती.

मधल्या काळात महायुद्धाने या कल्पनेला दुसऱ्याच दिशेने ओढले. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाचे इंजिन दमते. त्यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनाला टर्बो जोडला. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेऊन टर्बोसह चालवून दाखवले. इंजिनाने तिथेही जवळपास समुद्रसपाटीइतकी ताकद दिली. टर्बो चालतो, हे जगाला दिसले. पण रोज, महिनोन्महिने, कमी खर्चात चालणारा टर्बो अजून कोणाकडेच नव्हता आणि ब्यूखी यांना तोच हवा होता.

उत्तर सापडले ते १९२५ मध्ये. त्या वर्षीच्या स्विस पेटंटमधला मुद्दा अधिक मोठ्या टर्बाइनचा नव्हता. तो होता पाइपांच्या मांडणीचा आणि झडपांच्या वेळेचा. सगळ्या सिलिंडरचा धूर एकाच जाड नळीत सोडला की एकाच्या धुराचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येतो आणि त्या धक्क्यातला जोरही विरून जातो. ब्यूखी यांनी नळ्या अरुंद आणि आखूड ठेवल्या आणि ज्यांचे धक्के एकमेकांना अडवणार नाहीत अशाच सिलिंडरची जोडी एका नळीला दिली. प्रत्येक धक्का न विरता टर्बाइनवर आदळू लागला. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतला दाब पडतो. नेमक्या त्या क्षणी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही झडपा थोडा वेळ एकदम उघड्या ठेवायच्या, म्हणजे ताजी हवा सिलिंडरमधला उरलासुरला धूर झाडून काढते आणि आतले भागही थंड करते.

टर्बो इंजिनापासून वेगळा, आपल्याच दांड्यावर मोकळा फिरणारा झाला होता. बाडेनच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीने १९२४ मध्ये असा पहिला टर्बो बनवून दिला होता. त्याच सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना ब्यूखी यांच्या देखरेखीखाली टर्बो बसवण्यात आले. १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. सिलिंडर तेवढेच, जागा तेवढीच आणि ताकद चाळीस टक्क्यांहून जास्त वाढलेली.

१९२६ मध्ये ब्यूखी यांनी सुल्झर सोडली आणि इंजिन बनवणारी एक कंपनी व ब्राउन बोव्हेरी यांच्याबरोबर एक संघ स्थापला. पुढची वर्षे त्यांनी जहाजे, रेल्वे आणि वीजघरे यांच्या इंजिनांवर घालवली. १९३८ मध्ये झुरिचच्या त्याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांचे यंत्र मुंबईकरांनी रेल्वेत पाहिले आहे. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेल्या सोळा सिलिंडरच्या, २,६०० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनांना टर्बो असे. परळच्या रेल्वे कारखान्यात अशा इंजिनांची मोठी दुरुस्ती होत आली आहे. गाडी सुटताना ते इंजिन काळ्या धुराचा लोट सोडत असे. चालकाने इंधन वाढवले तरी टर्बोला वेग पकडायला काही क्षण लागतात. तोवर हवा कमी पडते आणि अर्धवट जळालेले डिझेल काजळी होऊन बाहेर येते. छातीत जाणारी ती हीच काजळी. टर्बो आणि इंजिन यांचा मेळ नसेल, तर रस्त्यावरच्या डिझेल गाडीचेही तेच होते.

मोटारींत पेट्रोल इंजिनाला टर्बो लावून विकायला सुरुवात झाली ती ब्यूखी यांच्यानंतर तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत. त्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीची गत बोलकी आहे. दाबलेली हवा तापते. मुंबईतली ३० अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली, तर तिचे तापमान शंभर अंशांच्या पुढे जाते. अशा हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन फुटू शकतो. जेटफायरमध्ये ते टाळायला पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण आत फवारले जाई. त्याची टाकी भरायला मालक विसरत आणि टर्बो आपोआप मंदावे. शेवटी कंपनीनेच अनेक गाड्यांचे टर्बो काढून देऊ केले.

आता लोअर परळच्या त्या तरुणाकडे परत येऊ. कमी पैशात टर्बो बसवायचा, तर पैसे कुठे घालायचे हे ब्यूखी यांच्या वीस वर्षांतून समजते. भंगारातला टर्बो हा त्यातला स्वस्त भाग असतो. तो डिझेल गाडीचा असेल, तर पेट्रोलच्या जास्त तापलेल्या धुरात टिकेल की नाही हे आधी पाहावे लागते. इंजिनाच्या मानाने तो मोठा निघाला तर उशिरा जागा होतो, लहान निघाला तर वरच्या वेगात धुराची वाट अडवतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, म्हणून तेलाची नळी तुंबली तर काही क्षणांत सगळे संपते. हवा थंड करणारा इंटरकूलर, बरोबर बेतलेले पाइप, इंधन आणि ठिणगीची नव्याने लावलेली वेळ, दाब वाढला की धूर बाजूने सोडणारी झडप, यांवर खर्च आधी आणि दाब वाढवणे सगळ्यात शेवटी. थोडा दाब आणि नीट जुळणी असलेली गाडी वर्षानुवर्षे चालते. उलट क्रमाने गेलेल्यांची इंजिने पहिल्याच उन्हाळ्यात उघडावी लागतात. एक खर्च कायद्याचाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही विचारावे.

हे सगळे ऐकून कोणी बेत सोडून द्यावा असे नाही. ब्यूखी यांनाही १९१५ मध्ये सोडून देता आले असते. त्यांनी दाब वाढवण्याचा हट्ट सोडला आणि नळ्यांची लांबी व झडपांच्या वेळा मोजायला घेतल्या. इकॉनॉमायझर चालवणाऱ्या गिरणीतल्या माणसालाही त्यातली अर्धी गोष्ट माहीत होती. नळ्यांवर साचणारी काजळी सतत खरवडत ठेवली तरच धुराचा हिशोब जुळत असे.