बोर्जिया पोप : मालिकेत दिसला तो आणि होता तो

पोप अलेक्झांडर सहावा या एकाच माणसाच्या घराण्यावर २०११ साली दोन मोठ्या मालिका आल्या. एक अमेरिकेतल्या शोटाइम वाहिनीची, नील जॉर्डन यांची ‘द बोर्जियाज’. तिच्यात पोप झाले जेरेमी आयर्न्स. दुसरी फ्रान्सच्या कनाल प्लुस वाहिनीची, टॉम फोंटाना यांची ‘बोर्जिया’. तिच्यात जॉन डोमन. तेव्हापासून प्रेक्षकांमध्ये जे तट पडले ते आजही कायम आहेत. आयर्न्सच्या आवाजावर आणि नजरेवर फिदा असलेला एक मोठा वर्ग आहे. दुसऱ्यांना हा उंच, सडपातळ पोप पटतच नाही, कारण खरा पोप चांगला जाडजूड आणि बाकदार नाकाचा होता. डोमनचा रांगडेपणा काहींना अस्सल वाटतो, तर काहींना त्याच्या अमेरिकी बोलण्यानं पंधराव्या शतकातलं रोम क्षणात विस्कटल्यासारखं होतं. श्रद्धाळू प्रेक्षकांना दोन्हींत चर्चची बदनामी दिसते. आणि गंमत बघा, इतिहास वाचलेल्या काहींची तक्रार नेमकी उलटी आहे, की या माणसाला फारच सांभाळून घेतलंय.

या सगळ्या वादात विष, बिछाना आणि खून यांचीच चर्चा होते. या पोपच्या एका सहीचा विषय सहसा निघत नाही, आणि त्या सहीचा धागा तर थेट आपल्या शेजारी, गोव्यापर्यंत येतो. म्हणून हा माणूस जरा मुळापासून बघू.

त्याचं नाव रोद्रिगो. जन्म १४३१ चा, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या हातिवा गावचा. आईचा भाऊ आल्फोन्सो द बोर्जा हा कायद्याचा पंडित, वयानं पिकलेला पाद्री. १४५५ मध्ये तो पोप झाला, कॅलिक्स्टस तिसरा या नावानं, आणि भाच्याचं नशीब फळफळलं. बोलोन्यात कायदा शिकत असलेला रोद्रिगो पंचविशीत कार्डिनल झाला, पुढच्याच वर्षी चर्चचा व्हाइस चान्सलर. हे पद म्हणजे पोपच्या दरबारचं सगळं दप्तर. कुठलाही हुकूम, नेमणूक, माफी त्याच्या कचेरीतून जाणार आणि जाताना फी ठेवून जाणार. इटालियनमध्ये पुतण्या-भाच्याला जो शब्द आहे त्यावरूनच युरोपीय भाषांनी वशिलेबाजीचा शब्द बनवला, तो उगाच नाही.

रोमच्या लोकांना ही व्हॅलेन्सियाची मंडळी उपरी वाटायची. त्यांची भाषा वेगळी, ती एकमेकांत त्याच भाषेत बोलणार, आणि मोक्याच्या जागा त्यांनी धरलेल्या. भाषेवरून माणूस आपला की परका ठरवणं काय असतं, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. १४५८ मध्ये मामा मरणपंथाला लागला तेव्हा रोममध्ये बोर्जांच्या माणसांवर हल्ले सुरू झाले. रोद्रिगोचा सख्खा भाऊ शहर सोडून पळाला आणि थोड्याच दिवसांत वारला. रोद्रिगो तेव्हा बाहेरगावी होता, सुरक्षित होता. तो परत आला आणि मामाच्या उशाशी बसला. इकडे त्याचा वाडा लुटला जात होता. त्याच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यातली ही गोष्ट मला मालिकेतल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त बोलकी वाटते. रक्ताच्या माणसासाठी काहीही करायचं, हा त्याचा गुण तिथं दिसतो. पुढं तोच गुण त्याला आणि चर्चला फार महागात गेला.

मामा गेला, पण भाचा टिकला. पुढच्या चार पोपांनीही त्याला व्हाइस चान्सलरच्या खुर्चीवरून हलवलं नाही, म्हणजे एकूण पाच पोप आणि पस्तीस वर्षं. नुसत्या वशिल्यावर हे होत नाही. माणूस कामाला वाघ होता, कागदाला पक्का होता, सभेत चुकत नसे. १४६० मध्ये सिएनातल्या एका बागेतल्या बेतालपणाबद्दल पायस दुसरा या पोपनं त्याला खरमरीत पत्र लिहिलं होतं, पण पद मात्र काढून घेतलं नाही. पुढं व्हनोत्सा देई कातानेई या बाईपासून त्याला चेझारे, हुआन, लुक्रेत्सिया आणि जोफ्रे अशी चार मुलं झाली. कार्डिनलांना मुलं असणं तेव्हा नवलाचं नव्हतं. बोर्जियाचं वेगळेपण असं की त्यानं ती फारशी लपवली नाहीत.

ऑगस्ट १४९२ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो पोप झाला. आस्कानियो स्फोर्झा या प्रतिस्पर्धी कार्डिनलच्या घरी चार खेचरांवरून चांदी गेली, अशी कहाणी रोममध्ये पसरली. चांदीचं खरं-खोटं काही असो, व्हाइस चान्सलरची खुर्ची मात्र आस्कानियोलाच मिळाली. म्हणजे सौदा झाला होता एवढं नक्की.

मालिकांत जेवणावळींची रेलचेल आहे. प्रत्यक्षात फेरारा संस्थानच्या वकिलानं आपल्या धन्याला कळवलं होतं की पोपच्या पानात एकच पदार्थ असतो, म्हणून कार्डिनल त्याच्याकडे जेवायला जायचं टाळतात! स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना त्यानं रोममध्ये राहू दिलं. राज्य हाती घेतल्यावर शहरातल्या खुनाखुनीला आळा घातला, लोकांची गाऱ्हाणी ऐकायला ठरावीक दिवस ठेवला. हे सगळं पडद्यावर आणणं अवघड, कारण त्यात नाट्य नाही.

आता ती सही. कोलंबस नव्या बेटांची बातमी घेऊन १४९३ च्या मार्चमध्ये परतला, आणि ती स्पेनची की पोर्तुगालची असा तंटा उभा राहिला. मे महिन्यात अलेक्झांडरनं फर्मान काढलं. अझोर्स आणि केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला शंभर लीगवर उत्तर-दक्षिण रेघ मारायची, पलीकडचं स्पेनचं. तिथं कोण राहतं, त्यांना विचारायचं का, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. पोर्तुगालच्या राजाला ही रेघ मान्य नव्हती. त्यानं स्पेनशी परस्पर बोलणी करून १४९४ च्या तोर्देसियासच्या तहात ती केप व्हर्दपासून ३७० लीगपर्यंत पश्चिमेला सरकवली. तिच्या पूर्वेचा समुद्र पोर्तुगालचा झाला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागला तेव्हा रोममध्ये हाच पोप गादीवर होता. १५१० मध्ये आल्बुकर्कनं गोवा घेतला, तो याच वाटणीच्या जोरावर.

आणि याची सुरुवात तर मामानंच करून ठेवली होती. कॅलिक्स्टसनं १४५६ मध्येच आफ्रिकेपासून पार हिंदुस्थानपर्यंतच्या मुलखातली धर्मसत्ता पोर्तुगालच्या ख्रिस्त-संघाकडे सोपवली होती. गोव्यातल्या चर्चवर पुढं पोर्तुगीज राजाचा जो अधिकार चालला, त्याच्या पायातला हा एक दगड.

अलेक्झांडरचं मन मात्र समुद्रापारच्या मुलखात नव्हतं, ते मुलांत होतं. लुक्रेत्सियाची लग्नं त्यानं राजकारणाच्या गरजेनुसार जुळवली आणि मोडली. पहिला नवरा जोव्हान्नी स्फोर्झा नपुंसक ठरवून ते लग्न रद्द केलं, तेव्हा चिडलेल्या जावयानं बाप-लेकीविषयी जे घाणेरडं पसरवलं, तेच पाचशे वर्षं चघळलं गेलंय. दुसरा नवरा १५०० मध्ये मारला गेला आणि संशय चेझारेवर आला. ती विष घालणारी होती याला पुरावा नाही. १५०१ मध्ये पोप बाहेरगावी असताना मात्र दरबारचा रोजचा कारभार तिनं सांभाळला होता, याची नोंद आहे.

१४९७ च्या जूनमध्ये हुआन आईच्या घरून जेवून निघाला आणि परतलाच नाही. दोन दिवसांनी टायबर नदीत प्रेत सापडलं. अंगावर नऊ वार, थैलीतले पैसे जागच्या जागी. नदीकाठच्या एका लाकूडवाल्यानं रात्री कोणीतरी प्रेत टाकताना पाहिलं होतं. आधी का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर त्याचं म्हणणं पडलं की तिथं अशी शेकडो प्रेतं टाकलेली मी बघितलीत, कधी कोणी चौकशी केली नाही. पोप दार लावून बसला, काही दिवस अन्नाला शिवला नाही. बाहेर आला तो चर्च सुधारायची शपथ घेऊनच. कार्डिनलांची समिती नेमली, तिनं मसुदाही केला. तो मसुदा कधी जारी झाला नाही. दुःख ओसरलं आणि दप्तर बंद झालं.

जॉर्डनच्या मालिकेत खुनी सरळ चेझारे आहे. खरा खुनी आजतागायत सिद्ध झालेला नाही. यावरून प्रेक्षकांत सर्वांत जास्त जुंपते. आयर्न्सनं रंगवलेला बापाचा शोक बघून काहींना हा माणूस पहिल्यांदा माणूस वाटतो, आणि काहींना हीच सारवासारव वाटते. मला विचाराल तर शोक खरा होता. पण पुढच्याच वर्षी त्यानं चेझारेला कार्डिनलपद सोडू दिलं आणि चर्चचा पैसा त्याच्या लढायांत ओतला, हेही तितकंच खरं.

१५०३ च्या ऑगस्टमध्ये एका कार्डिनलच्या मळ्यातल्या जेवणानंतर बाप-लेक दोघेही तापानं पडले. रोममध्ये विषाची बोंब उठली. त्या उन्हाळ्यात शहरात मलेरियानं माणसं पटापट जात होती, त्यामुळे तेच कारण असण्याचा संभव जास्त. १८ ऑगस्टला पोप गेला. उन्हानं प्रेत काळंठिक्कर पडलं, इतकं फुगलं की पेटीत मावेना, शेवटी ठोकून बसवलं. शोटाइमची मालिका २०१३ मध्ये मधेच बंद पडल्यानं तिच्या प्रेक्षकांना हा शेवट पडद्यावर दिसलाच नाही. ही त्यांची जुनी खंत आहे.

त्याच्या मर्जीतल्या जुलिया फार्नेझेच्या भावाला अलेक्झांडरनं कार्डिनल केलं होतं. तोच पुढं पोप पॉल तिसरा झाला आणि त्यानंच १५४० मध्ये जेझुइट संघाला मान्यता दिली. दोन वर्षांत त्या संघाचा फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. त्याच संघाचा तिसरा प्रमुख फ्रान्सिस बोर्जा, म्हणजे खापर ज्याच्या नावानं फुटतं त्या हुआनचाच नातू, पोपचा पणतू. त्याला १६७१ मध्ये संतपद मिळालं.

पणजोबाच्या हाडांची मात्र बरीच परवड झाली. १६१० मध्ये ती रोममधल्या स्पॅनिश लोकांच्या सांता मारिया इन मोन्सेर्रातो या चर्चमध्ये आणली गेली आणि मामाच्या हाडांसोबत तिथं पडून राहिली. दोघांसाठी मिळून एक कबर बांधली गेली ती १८८९ मध्ये.