भांडायला गेलेली ग्रेस

कॉन्फरन्सला जाऊन मिळतं काय? सर्टिफिकेट, पिशवी आणि स्टिकर? ग्रेस हॉपर नावाच्या बाईने परिषदांमध्ये जाऊन जे मिळवलं, त्यावर आजही बँका चालतात.

कॉलेजच्या ग्रुपवर पोस्टर येतं. पायथॉनची कॉन्फरन्स, दोन दिवस, पुण्यात नाहीतर बंगळुरूला. आपण गोंदियात. महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, जवळपास अख्खा दिवस गाडीत काढायचा, कुणा मित्राच्या रूमवर पथारी टाकायची, फी वेगळीच. घरी विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला, तिथे जाऊन मिळतं काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका बाईच्या आयुष्यात सापडतं. आपल्या पुस्तकात ती एका ओळीत येते, कोबोलची आई म्हणून. नाव ग्रेस हॉपर. आणि ती ओळसुद्धा पूर्ण खरी नाही.

घड्याळं उघडणारी मुलगी

जन्म 9 डिसेंबर 1906, न्यूयॉर्क. सात वर्षांची असताना घड्याळ चालतं कसं हे बघायला तिने घरातली गजराची सात घड्याळं एकामागून एक खोलली. आईने मग तिच्यासाठी एकच घड्याळ ठेवलं. लॅटिनच्या पेपरात आपटली म्हणून कॉलेजप्रवेश वर्षभर लांबला. पण पुढे व्हॅसार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र, 1934 मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएचडी, आणि व्हॅसारमध्येच प्राध्यापकी. सेटल्ड लाइफ म्हणतात ते हेच.

मग दुसरं महायुद्ध आलं. तिला नौदलात जायचं होतं. वय जास्त, वजन कमी. तरीही खास परवानगी काढून ती 1943 मध्ये भरती झाली, आणि 1944 मध्ये तिला हार्वर्डला पाठवलं गेलं. तिथे मार्क वन नावाचं 51 फूट लांब यंत्र उभं होतं. ती त्याच्या पहिल्या प्रोग्रामर्सपैकी एक झाली आणि त्याचं 561 पानांचं मॅन्युअल तिने लिहून काढलं.

1947 मध्ये पुढच्या यंत्रात पतंग अडकला आणि टीमने तो वहीत चिकटवून ठेवला, ही बगची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बग हा शब्द मात्र त्याच्या आधीपासून इंजिनिअर लोकांच्या तोंडी होता. ग्रेसने किस्सा जगभर सांगितला, इतकंच.

एक गोष्ट पोस्टरवर येत नाही. घटस्फोट झालेला, 1949 मध्ये हार्वर्डमधलं कामही संपलं. त्या काळात ती दारूच्या फार आहारी गेली होती. त्यातून सावरत, चाळिशी ओलांडलेली असताना, तिने एका नवख्या संगणक कंपनीत नोकरी धरली. युनिव्हॅक बनवणारी ती कंपनी.

स्टेजवर, कुणाला पटत नसताना

तेव्हा प्रोग्राम लिहायचा म्हणजे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत लिहायचा. तीच तीच कोडं लोक हाताने उतरवून काढत, आणि उतरवताना चुका करत. ग्रेसला वाटलं, हे उतरवण्याचं काम यंत्रच का करू नये? तिने ए-झिरो नावाचा कंपायलर तयार केला. लोकांचं म्हणणं, संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील?

मे 1952 मध्ये पिट्सबर्गला एसीएम या संस्थेची सभा होती. ग्रेस तिथे आपला पेपर घेऊन गेली. विषय होता संगणकाला शिकवण्याचा. सगळ्यांना लगेच पटलं असं नाही. पण विरोध कुठे आहे, कोण कुठल्या मुद्द्यावर अडतो, हे तिला समोरासमोर कळलं. दोन वर्षांनी, मे 1954 मध्ये, वॉशिंग्टनला फक्त याच विषयावर परिसंवाद भरला. तिथे आयबीएमचा जॉन बॅकसही पेपर घेऊन आला होता. त्याच्या टीमचं फोरट्रान 1957 मध्ये बाहेर आलं.

पुढची गोष्ट आपल्यासाठी खास. ग्रेसला इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहायचे होते. मॅनेजमेंटला दाखवायला तिने छोटा नमुना बनवला आणि उत्साहाच्या भरात तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवला. यंत्राला काय, सगळी चिन्हंच. पण साहेब लोक हबकले. अमेरिकन यंत्राला परकी भाषा कळते हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांची समजूत काढण्यात तिचे काही महिने गेले, असं ती सांगायची. म्हणजे त्या हिशोबाने जर आणि तर लिहूनही यंत्र चाललंच असतं.

पेंटॅगॉनमधली बैठक

त्या काळात प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी. यंत्र बदललं की प्रोग्राम पुन्हा लिहा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडेच 225 संगणक होते, म्हणजे डोकेदुखी किती ते बघा. 28 आणि 29 मे 1959 ला पेंटॅगॉनमध्ये साधारण चाळीस जण जमले. कंपन्या होत्या, सरकारी खाती होती, वापरणारे होते. सगळ्यांची मिळून एक भाषा करायचं ठरलं. तीच कोबोल.

कोबोल लिहिणाऱ्या समितीत ग्रेस नव्हती. ती सल्लागार होती. लिहिलं ते जीन सॅमेट आणि इतरांनी. पण पाया होता ग्रेसच्या फ्लो-मॅटिकचा, आणि एकत्र बसायची हवा तिनेच तयार केली होती. समितीचं काम इतकं रखडलं की हॉवर्ड ब्रॉमबर्ग नावाच्या सदस्याने वैतागून कोबोल असं कोरलेला थडग्याचा दगडच प्रमुखांना पाठवून दिला. पण डिसेंबर 1960 मध्ये एकच प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालला. थडगं फुकट गेलं.

1978 मध्ये लॉस एंजेलिसला प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासावर पहिली परिषद भरली. बीजभाषण ग्रेसचं. नंतरही ती भाषणं देत फिरायची. नॅनोसेकंद म्हणजे काय हे कळावं म्हणून सुमारे 30 सेंटिमीटरचे तारेचे तुकडे वाटायची. तेवढ्या वेळात प्रकाश तेवढाच जातो. 1986 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, ती रिअर अॅडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाली. 1 जानेवारी 1992 ला गेली. दोनच वर्षांनी, 1994 मध्ये, संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांची परिषद तिच्या नावाने सुरू झाली. भारतातही बंगळुरूमध्ये ती भरत आली आहे.

मग पोस्टर आलं की?

ग्रेसकडून तीन गोष्टी उचलता येतात. एक, ज्या विषयावर आपलं काही काम किंवा निदान एखादा खरा प्रश्न आहे, तीच परिषद निवडा. दोन, जिथे भाषा बनवणारे आणि वापरणारे दोघं येतात तिथे जा, नुसत्या जाहिरातबाजीला नको. तीन, श्रोता म्हणूनच जायचं असं काही नाही. बऱ्याच परिषदा बोलण्यासाठी प्रस्ताव मागवतात आणि विद्यार्थ्यांना फीत सवलत किंवा प्रवासखर्चाला मदत देतात. अर्ज करायला पैसे लागत नाहीत.

आणि यंदा जमलं नाही तर? बऱ्याच परिषदांची भाषणं नंतर फुकट बघायला मिळतात, ती बघा. पण एकदा तरी गाडी पकडा. चहाच्या रांगेत उभं राहून कुणाशी तरी वाद घालायची सोय त्या व्हिडिओत नसते.