नळाचे आटे आणि बंदुकीची नळी

घरातला नळ गळू लागला की आपण लालबागच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची नळ आणतो. प्लंबर आट्यांवर सूत गुंडाळतो, चार फेरे देतो आणि नळ बसतो. नळ एका कारखान्याचा, पाइप दुसऱ्याचा, तरी बसतो. त्याचे कुणाला नवल वाटत नाही. मला वाटते, कारण त्या आट्यांचा 55 अंशांचा कोन 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने सुचवलेला आहे.

जन्म 1803 चा, स्टॉकपोर्टचा. चौदाव्या वर्षी मामांच्या सूतगिरणीत चिकटवलेल्या या पोराला व्यवहारापेक्षा यंत्रांचेच वेड. तो मँचेस्टरला पळाला, पुढे लंडनला मॉडस्लेच्या कारखान्यात शिकला आणि 1833 मध्ये मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचे दुकान थाटले. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट जमवले, मोजले आणि सरासरी काढली. आपलेच खरे असा हट्ट त्यात नव्हता, म्हणून ते माप सर्वांनी स्वीकारले.

1854 मध्ये सरकारने त्याला एनफील्ड रायफली बनवण्याच्या यंत्रांविषयी विचारले. दिसायला सारख्या दोन नळ्या, पण एकीची गोळी नेमकी लागे, दुसरीची भरकटे. का, ते बंदूकवाल्यांना सांगता येईना. व्हिटवर्थने घराच्या आवारात पाचशे यार्डांची बंदिस्त गॅलरी बांधली, वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगले आणि गोळीचा मार्ग त्यांच्या भोकांवरून वाचला. उत्तर निघाले : एनफील्डच्या नळीतला पीळ 78 इंचांत एक फेरा घेई, व्हिटवर्थने तो 20 इंचांवर आणला, नळी अरुंद व आतून षट्कोनी केली आणि गोळीही तशीच घडवली.

1857 च्या चाचणीत ही रायफल एनफील्डच्या कितीतरी पुढे गेली. 1860 मध्ये विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने हीच झाडली. तरीही सैन्याने ती नाकारली. ती महाग होती आणि दारूची काजळी साचली की इतकी घट्ट बसणारी गोळी आत जाईना. शिवाय त्या नळीला खास तिचीच गोळी लागे. सर्वांना सर्वांशी जुळवणाऱ्या माणसाची बंदूक अशी एकलकोंडी निघाली.

अमेरिकेच्या यादवीत (1861-65) दक्षिणेच्या नेमबाजांनी तिच्यातल्या काही वापरल्या. त्याच दक्षिणेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपला कापूसबाजार तेव्हा कुलाब्याला होता. कॉटन ग्रीनला तो विसाव्या शतकात आला. बँकेत असताना तारण ठेवलेल्या गाठी मोजायला मी तिथल्या गोदामांत जात असे. मिस्त्री तिथे ‘चार सुती’ बोल्ट मागत. आठ सुतांचा एक इंच; म्हणजे अर्ध्या इंचाचा, बहुधा व्हिटवर्थच्याच आट्यांचा.

कारागीर मुलांसाठी 1868 मध्ये शिष्यवृत्त्या ठेवून, पुढच्या वर्षी सरदारकी मिळवून व्हिटवर्थ 1887 मध्ये वारला. त्याच्या अचूक रायफली आता संग्रहालयांत आहेत. यंत्रांचे आटेही पुष्कळसे मेट्रिक झाले. पण पाइपांच्या आट्यांत त्याचा तो कोन टिकून आहे. एकट्याच्या परिपूर्णतेपेक्षा दहाजणांची सरासरी अधिक टिकली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पटायला वेळ लागत नाही.