निकोलाय वाविलोव्ह

निकोलाय इव्हानोविच वाविलोव्ह (जन्म : मॉस्को, २५ नोव्हेंबर १८८७, मृत्यू : सारातोव्ह, २६ जानेवारी १९४३) हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व आनुवंशिकीचे अभ्यासक होते. लागवडीखालील पिकांच्या उगमस्थानांचा सिद्धान्त मांडणे आणि जगभरच्या पिकांच्या बियाण्यांचा प्रचंड संग्रह उभारणे ही त्यांची प्रमुख कार्ये होत. सजीवांचे गुणधर्म जनुकांमार्फत पुढील पिढीकडे जातात, हे मत राज्यसत्तेचा रोष ओढवूनही त्यांनी सोडले नाही. दुष्काळाचे निर्मूलन हे ध्येय बाळगणाऱ्या या शास्त्रज्ञाचा अंत तुरुंगात उपासमारीने झाला.

बालपण व शिक्षण

वाविलोव्ह यांचे वडील शेतकरी कुटुंबात जन्मले होते. पुढे मॉस्कोत येऊन ते व्यापारात स्थिरावले. निकोलाय यांचे धाकटे बंधू सर्गेई हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाले. निकोलाय यांनी मॉस्को येथील कृषी संस्थेत शिक्षण घेतले. त्यांचा विद्यार्थिदशेतील प्रबंध पिकांची नासाडी करणाऱ्या गोगलगाईंसंबंधी होता.

ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून काढलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा प्रकाशात आले होते. आईवडिलांचे गुण अपत्यात दुधात पाणी मिसळावे तसे एकजीव होत नाहीत. ते स्वतंत्र घटकांच्या रूपाने टिकून राहतात आणि पुढच्या पिढ्यांत वेगळे होऊन पुन्हा प्रकट होतात, हे त्या नियमांचे सार होय. या विचाराचे इंग्लंडमधील पुरस्कर्ते विल्यम बेटसन यांच्याकडे वाविलोव्ह यांनी १९१३-१४ मध्ये काम केले. तांबेरा, भुरी यांसारख्या रोगांना गव्हाचे काही वाण बळी पडतात, तर काही दाद देत नाहीत, याचा ते अभ्यास करीत होते. ही प्रतिकारशक्ती आनुवंशिक असेल, तर संकराने ती दुसऱ्या वाणात आणता येईल, हा विचार त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे.

समरूप श्रेणींचा नियम

१९१६ मध्ये वाविलोव्ह इराण व पामीरच्या डोंगराळ प्रदेशात गेले. तेथील शेतांत त्यांना पिकांचे असंख्य स्थानिक प्रकार आढळले. १९१७ पासून ते सारातोव्ह येथे प्राध्यापक होते. तेथेच १९२० साली भरलेल्या परिषदेत त्यांनी आनुवंशिक विविधतेतील समरूप श्रेणींचा नियम मांडला.

गहू, जव, राय व ओट ही एकाच कुळातील तृणधान्ये. एका धान्यात कुसळे असलेले व नसलेले, टरफल दाण्याला चिकटून असलेले व सहज सुटणारे असे प्रकार आढळले, तर तसेच प्रकार त्याच्या जवळच्या नातलगांतही मिळावेत, असे हा नियम सांगतो. त्यामुळे न सापडलेला प्रकार कोणत्या पिकात शोधावा, याचा अंदाज आधीच बांधता येऊ लागला. म्हणूनच या नियमाची तुलना मेंडेलेयेव्ह यांच्या मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीशी केली जाते.

पिकांची उगमस्थाने

१९२१ मध्ये वाविलोव्ह पेट्रोग्राड (पुढील लेनिनग्राड) येथील उपयोजित वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पुढे याच विभागातून अखिल संघीय वनस्पती-उत्पादन संस्था आकाराला आली. १९२४ मध्ये अफगाणिस्तान, १९२६-२७ मध्ये भूमध्यसागरी देश व ॲबिसिनिया (इथिओपिया), १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान व कोरिया आणि १९३० नंतर मेक्सिको व दक्षिण अमेरिका असे प्रवास त्यांनी केले. प्रत्येक ठिकाणी ते बाजारांतून व शेतांतून बियाणे गोळा करीत आणि शेतकऱ्यांकडून त्याची माहिती घेत.

एखाद्या पिकाची सर्वाधिक आनुवंशिक विविधता जेथे आढळते, तेथेच त्याची लागवड प्रथम सुरू झाली असावी, असे अनुमान त्यांनी १९२६ साली प्रसिद्ध केले. त्यांनी ठरवलेल्या केंद्रांत भारताला महत्त्वाचे स्थान आहे. भात, तूर, वांगे, काकडी व आंबा ही पिके त्यांनी भारतीय केंद्रात दाखवली. महाराष्ट्रात भाकरीसाठी वापरली जाणारी ज्वारी व नाचणी ॲबिसिनियाच्या केंद्रात, मका व मिरची मेक्सिकोच्या केंद्रात, तर बटाटा दक्षिण अमेरिकेच्या केंद्रात त्यांनी मोडला. विविधतेचे केंद्र हेच नेहमी उगमस्थान असते असे नाही, हे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. तथापि सुधारित वाणांसाठी लागणारी जनुके कोठे शोधावीत, याचा मार्ग या सिद्धान्तानेच दाखवला.

१९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेतील संग्रह सुमारे अडीच लाख नमुन्यांवर गेला होता. आज निरुपयोगी वाटणाऱ्या वाणातही उद्याच्या रोगाला वा दुष्काळाला तोंड देणारा गुण असू शकतो, ही या संग्रहामागील दृष्टी होती.

लिसेंको यांच्याशी संघर्ष

१९२९ मध्ये वाविलोव्ह लेनिन अखिल संघीय कृषी विज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. याच सुमारास सक्तीच्या सामूहिकीकरणाने सोव्हिएत शेतीची घडी विस्कटली आणि १९३२-३३ मध्ये भीषण दुष्काळ पडला. शासनाला झटपट फळ हवे होते. संकर व निवड यांतून नवा वाण तयार होण्यास मात्र अनेक वर्षे लागत.

अशा वेळी त्रोफिम लिसेंको हे कृषितज्ज्ञ पुढे आले. हिवाळी गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवल्यास ते वसंतात पेरता येते, या वासंतीकरणाच्या प्रक्रियेचा त्यांनी मोठा प्रचार केला. प्रारंभी वाविलोव्ह यांनीही त्यांच्या कामात रस घेऊन त्यांना उत्तेजन दिले होते. थंडीचा परिणाम त्या रोपापुरता खरा आहे. परंतु असा बदल पुढील पिढीत उतरतो, परिस्थिती बदलून पिकाची आनुवंशिकताच हवी तशी वळवता येते, असा दावा लिसेंको करू लागले. जनुकांचे अस्तित्वही त्यांनी नाकारले. स्टालिन यांचा त्यांना पाठिंबा होता. १९३८ मध्ये लिसेंको अकादमीचे अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये एडिंबरो येथील आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेच्या अध्यक्षपदी वाविलोव्ह यांची निवड झाली होती. पण त्यांना तेथे जाऊ दिले गेले नाही. सहकाऱ्यांना अटका होत असतानाही त्यांनी मेंडेल यांच्या नियमांचे जाहीर समर्थन चालू ठेवले.

अटक व मृत्यू

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये वनस्पतींचे नमुने गोळा करीत असताना वाविलोव्ह यांना अटक झाली. हेरगिरी आणि शेतीचा घातपात असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. अनेक महिने चाललेल्या चौकशीनंतर ९ जुलै १९४१ रोजी त्यांना मृत्युदंड ठोठावण्यात आला. जर्मन सैन्य मॉस्कोजवळ येताच त्यांना सारातोव्हच्या तुरुंगात हलवण्यात आले. १९४२ मध्ये ही शिक्षा वीस वर्षांच्या कैदेत बदलली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना विदेशी सदस्यत्व दिले. त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना युद्धामुळे मुलासह सारातोव्हमध्येच राहत होत्या. आपले पती त्याच शहरात आहेत, हे त्यांना कळू दिले गेले नाही. २६ जानेवारी १९४३ रोजी उपासमारीने खंगलेल्या वाविलोव्ह यांचे तुरुंगात निधन झाले.

संग्रहाचे रक्षण

सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. शहरात लाखो लोक अन्नावाचून मृत्युमुखी पडले. संस्थेत गहू, भात, भुईमूग, बटाटा यांचा साठा असूनही कर्मचाऱ्यांनी तो खाल्ला नाही. उंदीर, थंडी व बाँबहल्ले यांपासून त्याची राखण केली. यात अनेक कर्मचाऱ्यांचा भुकेने अंत झाला. भाताच्या संग्रहाचे रक्षक दिमित्री इव्हानोव्ह व भुईमुगाचे अभ्यासक अलेक्सांद्र श्चुकिन हे त्यांपैकी होत.

वारसा

ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनानंतर सोव्हिएत संघात आनुवंशिकीचे अध्यापन व संशोधन बंद पाडण्यात आले. १९५५ मध्ये वाविलोव्ह यांची शिक्षा न्यायालयाने रद्द केली आणि ते निर्दोष ठरले. लिसेंको यांचा प्रभाव मात्र १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. आज सेंट पीटर्सबर्ग येथील संस्था वाविलोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते. जुने देशी वाण जपून ठेवणाऱ्या जगभरच्या जनुकपेढ्या त्यांनीच घालून दिलेल्या वाटेने चालत आहेत.