नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला. तरी हसणं न सोडणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट

१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नीचं आयुष्य एका दिवसात उलटंपालटं झालं. कर्मठ ब्राह्मण घरातल्या बाईचा नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे त्या काळी तो जिवंत असूनही गमावण्यासारखंच होतं.

या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. मराठीतल्या सगळ्यात गाजलेल्या आत्मचरित्रांपैकी एक, 'स्मृतिचित्रे', त्यांचंच.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेल्या वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, लिहिणं-वाचणं लग्नानंतर शिकल्या.

टिळकांचा स्वभाव मनस्वी. रागावले की घरातून निघून जायचे. खिशात पैसा टिकायचा नाही. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं आणि त्यांचा विचार बदलायला सुरुवात झाली.

पुढची जवळपास पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. लहान मुलगा दत्तू आईजवळ होता. नातेवाइकांच्या आधाराने राहताना लक्ष्मीबाई खचल्या, आजारी पडल्या. ही वर्षं सोपी होती असं त्यांनी पुढेही कधी भासवलं नाही.

मग त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, पण धर्म बदलायला नाही. त्यांचं सोवळं-ओवळं वेगळं राहिलं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. बदल झाला तो हळूहळू, आतून. माणूस देवाने निर्माण केला, मग जात कुणी केली, हा प्रश्न त्यांना पडला. देव असा भेद करणार नाही, हे मनाला पटलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. जात आधी सुटली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली राहुरीत.

यातच त्यांच्या श्रद्धेचं वैशिष्ट्य आहे. त्यांच्यासाठी ख्रिस्ती होणं म्हणजे नवऱ्याच्या मागे जाणं नव्हतं. ते रोजच्या वागण्यात दिसायला हवं होतं. दुष्काळात आधार गेलेल्या मुलांना टिळकांच्या घरात जागा मिळाली. घरात पैसे कमी आणि माणसं जास्त, हे चित्र कायमचं झालं.

९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांनी हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन', म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं महाकाव्य, अर्धवट राहिलं होतं. टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. कधीच शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले.

'स्मृतिचित्रे'ची सुरुवातही घरातूनच झाली. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहिण्याच्या तयारीत होता, त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागाने आलं. विजया मेहतांनी पुढे त्यावर चित्रपटही केला, त्यात लक्ष्मीबाई साकारल्या सुहास जोशींनी.

आज हे पुस्तक उघडलं तर आधी हसू येतं. सोवळ्याचा अतिरेक, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःची फजिती, सगळं त्या मिश्किलपणे सांगतात. दुःख झाकत नाहीत, पण कडवटही होत नाहीत. ज्या घराने सोवळं शिकवलं त्याच्यावर राग नाही, ज्या नवऱ्याने एकटं पाडलं त्याच्यावर सूड नाही.

श्रद्धेमुळे येणारा आनंद म्हणजे संकटं न येणं, असा अनेकांचा समज असतो. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला विरह, गरिबी, बदनामी, वैधव्य सगळं आलं. त्यांचा आनंद त्यानंतरही उरला, कारण तो परिस्थितीवर उभा नव्हता. माफ करणं, दार उघडं ठेवणं आणि स्वतःवर हसणं या रोजच्या सवयींतून तो घडला होता.

२४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल, तर यंदा नक्की वाचा.